एक बाप, एक उस्ताद : डॉ. झाकीर हुसेन

आमचे पूर्णा हे रेल्वेचे गाव. रमजानमध्ये संध्याकाळी इथे दोन आवाजांकडे कान लागलेले असतात. एक मगरिबच्या अजानकडे आणि दुसरा गाडीच्या शिट्टीकडे. नांदेडला किंवा परभणीला कामाला गेलेला घरातला माणूस इफ्तारला पोचतो की नाही, हे त्या शिट्टीवर ठरते. गाडीला उशीर झाला तर तो फलाटावरच खजूर तोंडात टाकतो आणि बाकावर बसलेला कुणी अनोळखी माणूस न विचारता पाण्याची बाटली पुढे करतो.

माझे अब्बा उर्दू प्राथमिक शाळेत शिक्षक होते. तरावीहची नमाज पढून घरी आले की उन्हाळ्याच्या दिवसांत ते आम्हा भावंडांना गच्चीवर गोष्टी सांगत. त्यातली एक गोष्ट आम्ही पुन्हा पुन्हा मागून घ्यायचो, ती अब्बू खाँच्या बकरीची. अल्मोड्याच्या डोंगरात राहणारे अब्बू खाँ बकऱ्या पाळतात. बकऱ्या दावे तोडून डोंगरावर पळतात आणि लांडगा त्यांना खातो. चांदनी नावाची शेवटची बकरीही पळते. पण ती लांडग्यापुढे मान टाकत नाही. रात्रभर आपल्या छोट्याशा शिंगांनी लढते आणि पहाटेच्या वेळी जमिनीवर कोसळते. झाडावरच्या पाखरांत वाद होतो की जिंकले कोण. एक म्हातारे पाखरू तेवढे चांदनीच्या बाजूने कौल देते.

ही गोष्ट भारताच्या राष्ट्रपतींनी लिहिली आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. आणि ती मुलांच्या मासिकात आली तेव्हा लेखक म्हणून एका लहान मुलीचे नाव दिलेले होते, हे तर मला एम. ए. ला असताना कळले. ती मुलगी कोण, हे पुढे येईल. आधी त्या माणसाविषयी.

डॉ. झाकीर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद शहरात झाला. हिजरी सन १३१४ चा तो रमजान महिना होता, रोजे सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. त्या काळी आपला परभणी जिल्हाही निजामाच्या राज्यात होता. म्हणजे ते आपल्याच राज्याच्या राजधानीत जन्मले, असे म्हणायला हरकत नाही. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबाद जिल्ह्यातील कायमगंजचे, पठाणांचे. वडील फिदा हुसेन खान हैदराबादला वकिली करत आणि त्यात त्यांनी चांगले नाव कमावले होते. सात भावांत झाकीर तिसरे.

हे भरलेले घर फार लवकर उन्हात आले. १९०७ मध्ये वडील वारले तेव्हा झाकीर दहा वर्षांचे होते. आई नाजनीन बेगम मुलांना घेऊन कायमगंजला परतल्या. मुलांना इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये घातले गेले. १९११ मध्ये प्लेगची साथ आली आणि त्यात आईही गेल्या. इटाव्याला शिकणारा चौदा वर्षांचा हा मुलगा पोरका झाला. शाळेचे मुख्याध्यापक सय्यद अल्ताफ हुसेन यांनी अशा मुलांना बापासारखे सांभाळले. शिक्षक काय असतो, हे झाकीरसाहेबांनी आधी पुस्तकात वाचले नाही. आई-बाप नसलेल्या मुलाच्या नजरेने त्यांनी ते पाहिले.

पुढे अलीगढचे महाविद्यालय. १९१५ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, शाहजहाँ बेगम यांच्याशी निकाह झाला. ही सोबत चोपन्न वर्षे टिकली. शाहजहाँ बेगम पडदा पाळणाऱ्या, सार्वजनिक जीवनापासून दूर राहणाऱ्या. म्हणून त्यांच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. पण झाकीरसाहेबांनी आयुष्यात जे जे सोडले, त्याची किंमत घरात कुणी मोजली असेल तर ती या बाईंनी.

१९२० च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणारी शिक्षणसंस्था सोडा, असे आवाहन त्यांनी केले. झाकीरसाहेब तेव्हा एम. ए. आणि कायद्याचे विद्यार्थी होते आणि सोबत शिकवतही होते. सरळ मार्गाने गेले असते तर मोठी सरकारी नोकरी मिळाली असती. ते बाहेर पडले. २९ ऑक्टोबर १९२० रोजी जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली, तीत ते पहिल्या दिवसापासून होते. १९२२ मध्ये अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले आणि १९२६ मध्ये बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले. बर्लिनमध्ये असताना काव्यानी छापखान्यात गालिबचा दिवान छापला गेला, त्याचे खिळे त्यांनी स्वतःच्या हातांनी जुळवले होते.

इकडे खिलाफत चळवळ संपली होती आणि जामियाचा पैसाही. संस्था बंद करावी, असे म्हणणारे वाढले. तेव्हा झाकीरसाहेब, आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब या तीन मित्रांनी युरोपातूनच कळवले की आम्ही आयुष्य द्यायला तयार आहोत, तोवर संस्था बंद करू नका. परतल्यावर दिल्लीत करोलबागेत हलवलेल्या जामियाची सूत्रे झाकीरसाहेबांकडे आली. वय होते २९. पुढची बावीस वर्षे ते कुलगुरू राहिले.

१९२७ च्या अखेरीस हकीम अजमल खान वारले. संस्थेचा मोठा आधार गेला. १९२८ मध्ये जामियाच्या शिक्षकांनी आपली एक सोसायटी केली आणि शपथ घेतली की वीस वर्षे इथेच काम करू आणि महिना दीडशे रुपयांहून जास्त वेतन मागणार नाही. प्रत्यक्षात दीडशे कुणाच्या हाती पडत नव्हते. झाकीरसाहेब स्वतः त्याहून पुष्कळ कमी घेत आणि तेही कित्येक महिने थकलेले असे. जर्मनीची डॉक्टरेट असलेल्या माणसाच्या घरी उधारीचा हिशेब मांडला जाई.

अशा घरात मुली वाढत होत्या. सईदा, सफिया आणि धाकटी रुकैया रेहाना.

जामियाच्या प्राथमिक शाळेत मुलांना मिठाई वाटण्याचा कार्यक्रम होता. झाकीरसाहेब स्वतः वाटत होते. शिपाई आला आणि कानाशी लागून सांगून गेला की घरी रेहानाची तब्येत फार बिघडली आहे. ते वाटत राहिले. थोड्या वेळाने शिपाई पुन्हा आला. मुलगी गेली होती. पाहणाऱ्यांच्या आठवणीप्रमाणे त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण हात थांबला नाही. शेवटच्या मुलापर्यंत मिठाई पोचली, मग ते घरी गेले. नंतर लोकांनी विचारले की तुम्ही लगेच का उठला नाहीत. त्यावर त्यांचे सांगणे इतकेच होते की मुले इतकी खुश होती, त्यांचा आनंद मोडवला नाही.

हा प्रसंग त्यांच्या चरित्रांत येतो आणि शिक्षकदिनाच्या भाषणांतही येतो. कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून टाळ्या घेतो आणि तिथेच संपतो. मीही तो वर्गात तसाच सांगत आलो. मात्र त्याचा पुढचा भाग शाहजहाँ बेगमांनी सांगितलेला आहे. त्यानंतर कितीतरी दिवस सकाळी झाकीरसाहेबांची उशी ओली सापडायची. दिवसा ते कुणाजवळ काही बोलले नाहीत.

आणि मग गोष्टी छापून येऊ लागल्या. जामियाच्या ‘पयाम-ए-तालीम’ या मुलांच्या मासिकात. लेखिकेचे नाव होते रुकैया रेहाना. जी मुलगी लिहा-वाचायच्या वयाला पोचलीच नाही, तिच्या नावाने बापाने देशभरातल्या मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. अब्बू खाँची बकरी त्यांतलीच. पहाटेपर्यंत लढून थकलेली ती चांदनी गच्चीवर ऐकताना आम्ही बकरीच समजत होतो.

माझी मुलगी दहावीला होती त्या वर्षी मी कॉलेजच्या कामात, दुसऱ्यांच्या मुलांचे स्कॉलरशिपचे फॉर्म भरण्यात इतका गुंतलो होतो की तिची गणिताची वही मी एकदाही उघडली नाही. निकालाच्या दिवशी तिने काही तक्रार केली नाही, म्हणून ते जास्त लागले. झाकीरसाहेबांचे उदाहरण अशा वेळी सोयीचे वाटते. मोठ्या कामापुढे घर मागे पडायचेच, असे म्हणून सुटता येते. पण मासिकातले ते नाव पाहिले की सुटता येत नाही. त्यांनी घर मागे टाकले नव्हते. ते घर शाळेत घेऊन आले होते. मिठाईच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक मुलात त्यांना आपले मूल दिसत होते की काय, हे आपण सांगू शकत नाही. पण आपल्या मुलीला त्यांनी त्या रांगेतून बाहेर जाऊ दिले नाही, एवढे नक्की.

मुलांशी त्यांचे वागणेही तसेच होते. सांगतात की जामियातली मुले मळलेले बूट घालून येत, सांगून ऐकत नसत. एके सकाळी कुलगुरू स्वतः पॉलिश आणि ब्रश घेऊन दाराशी बसले आणि येणाऱ्या मुलांचे बूट पुसू लागले. पुन्हा सांगावे लागले नाही. १ मार्च १९३५ रोजी ओखल्याला जामियाच्या नव्या वास्तूचा पाया घातला गेला. तुर्कस्तानच्या लेखिका हालिदे एदिब यांच्यासारखे पाहुणे हजर होते. दगड बसवला तो शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याने, अब्दुल अजीजने.

महाराष्ट्राशी त्यांचे नाते वर्ध्यामुळे जुळले. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. हाताच्या उद्योगातून शिक्षण, आणि त्या उद्योगाच्या कमाईवर शाळेचा खर्च, ही गांधीजींची कल्पना. झाकीरसाहेबांनी भर सभेत उद्योगाचे स्वागत केले आणि कमाईबद्दल इशारा दिला. शाळेचा खर्च मुलांच्या हातावर टाकला तर मास्तर मुकादम होईल आणि पोरे मजूर होतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. गांधीजींनी राग मानला नाही. योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनाच दिले. सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला सात वर्षे सक्तीचे, मोफत आणि मातृभाषेतून शिक्षण, हा त्या अहवालाचा गाभा. पुढे सेवाग्रामच्या हिंदुस्थानी तालिमी संघाचे ते अध्यक्ष झाले. पूर्णेहून अकोल्याची गाडी धरून मी एकदा सेवाग्रामला गेलो होतो. लोक बापूंची कुटी पाहून परततात. नई तालीमच्या शाळेकडे जाणारे थोडे असतात.

१९४६ च्या नोव्हेंबरमध्ये जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. देशात दंगली पेटल्या होत्या. नेहरू, आझाद आणि जिना यांना झाकीरसाहेबांनी एका व्यासपीठावर आणले आणि मुलांच्या वतीने त्यांच्याकडे एकच मागणे मागितले, ही आग विझवा. आग विझली नाही. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ईद झाली आणि त्यानंतर काश्मीरकडे जाताना जालंधर स्टेशनवर ते जमावाच्या तावडीत सापडले. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे कर्मचाऱ्याने त्यांना वाचवले. आमच्यासारख्या रेल्वेच्या गावात ही गोष्ट सांगितली पाहिजे. स्टेशनवर माणसे मारणारेही होते आणि वाचवणारेही.

त्यांचे भाऊ महमूद हुसेन पाकिस्तानात गेले, तिथे मंत्री आणि कुलगुरू झाले. दुसरे भाऊ युसूफ हुसेन उस्मानिया विद्यापीठात इतिहास शिकवत राहिले. झाकीरसाहेबांनी १९४८ मध्ये अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरूपद स्वीकारले. फाळणीनंतर त्या संस्थेकडे संशयाने पाहिले जात होते, तिथल्या मुलांना पुन्हा उभे करण्यात त्यांनी आठ वर्षे घातली. मग बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न आणि १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. त्या पदावरचे ते पहिले मुसलमान. त्यांचा बगिच्यातला गुलाबांचा शौक मात्र पाटण्याहून दिल्लीपर्यंत तोच राहिला. शाहजहाँ बेगम राष्ट्रपती भवनातही पूर्वीसारख्याच साध्या राहिल्या.

३ मे १९६९ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. पदावर असताना वारलेले ते पहिले राष्ट्रपती. दफन झाले ते जामियाच्या आवारात. आता शाहजहाँ बेगमही तिथेच त्यांच्या शेजारी आहेत. आजूबाजूला वर्ग भरतात, मुलांची ये-जा चालू असते.

अब्बांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. परवा तरावीहनंतर मुलगी गच्चीवर येऊन बसली. ती आता मोठी झाली आहे, गोष्टी ऐकायचे वय गेले. तरी तिला अब्बू खाँच्या बकरीची गोष्ट सांगितली आणि शेवटी तिच्यावर कुणाचे नाव होते तेही सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले की रेहाना केवढी होती. मी हाताने उंची दाखवली. सहरीला अजून वेळ होता. खाली फलाटावर कुठलीतरी रात्रीची गाडी येऊन थांबली होती.