सर एडवर्ड कार्सन आणि आयर्लंडची फाळणी

आयर्लंडच्या फाळणीचा विषय निघाला म्हणजे सारा दोष इंग्रज मुत्सद्द्यांच्या माथीं मारून लोक मोकळे होतात. दोष त्यांचा आहेच. परंतु सर एडवर्ड कार्सन यांचें चरित्र पाहिलें असतां प्रकरण इतकें सोपें दिसत नाहीं.

कार्सन यांचा जन्म १८५४ सालीं डब्लिन शहरीं प्रॉटेस्टंट कुळांत झाला. कॉलेजचें शिक्षण तेथेंच, वकिलीचा आरंभही तेथेंच. १८९५ सालीं लंडनच्या कोर्टांत ऑस्कर वाइल्ड यांची उलटतपासणी करून त्यांनीं मोठें नांव मिळविलें. सबंध आयर्लंड ब्रिटनशीं जोडलेलें रहावें, हा त्यांचा आग्रह. देशाचे तुकडे त्यांस नको होते.

१९१० सालीं आयरिश युनियनिस्ट पक्षाचें पुढारीपण त्यांजकडे आलें, व १९१२ त होमरूलचें बिल पार्लमेंटापुढें आलें. उत्तरेकडील अल्स्टर हा नऊ परगण्यांचा प्रांत. तेथील बेलफास्ट शहरीं लिनन कापडाच्या गिरण्या व जहाजें बांधण्याचे कारखाने होते. डब्लिनचें पार्लमेंट जकाती बसवून आपला धंदा बुडवील, व कॅथॉलिक बहुमतापुढें आपलें कांहीं चालणार नाहीं, अशी तेथील प्रॉटेस्टंटांस धास्ती वाटे. ती धास्ती ढोंगी होती असें आम्ही म्हणत नाहीं; बाजारपेठ तुटण्याचें भय काय असतें, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. कार्सन यांनीं मात्र तिचें हत्यार केलें. अल्स्टर अडून बसलें म्हणजे होमरूलच बारगळेल, हा त्यांचा वकिली हिशेब! २८ सप्टेंबर १९१२ रोजीं विरोधाच्या प्रतिज्ञापत्रावर पहिली सही त्यांनीं केली. स्त्रियांच्या निराळ्या पत्रकासह ४ लाख ७० हजारांवर सह्या झाल्या. पुढें स्वयंसेवक सेना उभी राहिली, आणि एप्रिल १९१४ त लार्न बंदरीं हजारों बंदुका चोरून उतरल्या. कायद्याचा पंडित बंडाची तयारी करतो आणि सरकार स्वस्थ बसतें, हें पाहून राष्ट्रीय पक्षाच्या तरुणांचा सनदशीर मार्गावरील विश्वास उडाला, यांत नवल काय? १९१६ सालीं डब्लिनमध्यें बंड झालें.

हिशेब चुकला. होमरूल बारगळलें नाहीं. अल्स्टर तेवढें निराळें काढण्याची भाषा सुरू झाली. नऊ परगणे घेतले तर बहुमत निसटेल, या भीतीनें १९२० च्या कायद्यानें सहाच घेतले. उरलेल्या तीन परगण्यांतील ज्या युनियनिस्टांनीं प्रतिज्ञेवर सह्या केल्या होत्या, ते वाऱ्यावर सुटले. सहा परगण्यांत सुमारें एकतृतीयांश कॅथॉलिक होते; त्यांस कोणीं विचारलें नाहीं. १९२१ सालीं पुढारीपण सोडतांना, कॅथॉलिकांशीं न्यायानें वागा, असा उपदेश कार्सन यांनीं केला खरा. पण घरें, नोकऱ्या व मतदारसंघ यांत पक्षपात चालूच राहिला, आणि १९६० नंतरच्या दशकांत उसळलेल्या हिंसाचारांत तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसें मेलीं.

कार्सन १९३५ सालीं वारले. बेलफास्टच्या कॅथीड्रलांत दफनाच्या वेळीं शवपेटीवर सहा परगण्यांची माती टाकण्यांत आली. त्यांचें जन्मस्थान डब्लिन तोंवर सरहद्दीपलीकडे गेलें होतें.