लाला हरदयाळ : दिल्लीचा निर्वासित विचारवंत

गदर पक्षाचे प्रणेते लाला हरदयाळ यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८८४ रोजी दिल्लीत झाला. सेंट स्टीफन्स महाविद्यालयातील या बुद्धिमान विद्यार्थ्याला सरकारी शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला जाता आले. ती शिष्यवृत्ती त्यांनी १९०७ मध्ये सोडली. पुढल्याच वर्षी मायदेश सोडला, तो कायमचा.

१९१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून ‘गदर’ हे पत्र निघू लागले. सशस्त्र उठावाच्या त्या हाकेला ओ देऊन भारतात परतलेले पुणे जिल्ह्यातील विष्णू गणेश पिंगळे १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. हरदयाळ तेव्हा युरोपात होते. महायुद्धात जर्मनीचा अनुभव घेतल्यावर त्यांचे मत पालटले. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी जर्मन साम्राज्यशाहीवर कठोर टीका केली आणि ब्रिटिशांशी सहकार्याची बाजू घेतली. सहकाऱ्यांना ते रुचणे शक्यच नव्हते. मतांतर प्रामाणिक असेलही, पण त्याची किंमत इतरांनी आधीच चुकती केली होती.

उर्वरित आयुष्य त्यांनी ग्रंथांना वाहिले. बोधिसत्त्व संकल्पनेवरील त्यांचा प्रबंध १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. बौद्ध विद्येचे अभ्यासक आजही तो वाचतात. ४ मार्च १९३९ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांचे निधन झाले.