दादासाहेब फाळक्यांच्या घरातली अंधारी खोली: फिल्म डेव्हलप करताना कोणतं केमिकल निवडाल?

फोनवर फोटो काढला की तो लगेच दिसतो. तरीही सध्या बरेच जण घरातला जुना रीळवाला कॅमेरा बाहेर काढून फिल्म घरीच डेव्हलप करायला लागलेत. मीही इकडे गडचांदूरला तेच करतो. केमिकल घेण्याआधी, हेच काम शंभर वर्षांपूर्वी घरात करणाऱ्या एका माणसाबद्दल जाणून घेऊया.

कोण होते फाळके?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी आणि छपाईचं तंत्र शिकले. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ टाकला, पण प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेले. नंतर पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग लोणावळ्याला छापखाना, भागीदारांशी वाद आणि तोही सुटला.

१९११ मध्ये मुंबईत त्यांनी येशूच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि आपल्याकडेही असं बनवायचं हे डोक्यात पक्कं बसलं. रात्रंदिवस अभ्यास करून डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. बरे झाल्यावर विमा पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि कॅमेरा, कच्ची फिल्म व फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले.

लॅब घरातच

दादरच्या बंगल्यात फाळक्यांनी अंधारी खोली तयार केली. तिथलं काम सरस्वतीबाई, म्हणजे त्यांची दुसरी पत्नी, यांच्याशिवाय होणारच नव्हतं. अंधारात फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म डेव्हलप करणं हे सगळं त्या शिकल्या. वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक! 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. पुढे फाळके नाशिकला गेले, अनेक सिनेमे काढले आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला तिथेच वारले.

त्या काळी डेव्हलपर म्हणून पायरो, मेटॉल आणि हायड्रोक्विनोन चालायचे. पायरो पोटात गेलं किंवा कातडीतून शिरलं तर विषारी. मेटॉलमुळे काहींच्या हातांना कायमची ॲलर्जी होते. म्हणजे लेकरंबाळं असलेल्या घरात, हीच रसायनं हाताळणाऱ्या हातांनी स्वयंपाकही व्हायचा. आपल्याकडे आज बरे पर्याय आहेत.

मग काय घ्यायचं?

• कमी त्रासाचं हवं असेल: एक्सटॉल. यात मेटॉल आणि हायड्रोक्विनोन नाही, व्हिटॅमिन सीच्या जातीचं रसायन आहे. कालवल्यावर काठोकाठ भरलेल्या बंद बाटलीत साधारण ६ महिने टिकतं. पण बिघडलं तर रंगावरून कळत नाही, म्हणून जुनं असेल तर आधी फिल्मच्या तुकड्यावर तपासा.

• जास्त टिकणारं हवं असेल: रोडिनल. १८९१ चं पेटंट असलेलं हे घट्ट द्रावण वर्षानुवर्षं चालतं. वर्षाला दोन-चार रीळ करणाऱ्यांसाठी हेच परवडतं. मात्र ते तीव्र अल्कली आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच.

• स्टॉप बाथ: साध्या पाण्याने दोन-तीनदा खळबळलं तरी भागतं.

• फिक्सर: हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरते. ते विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका, वेगळ्या डब्यात साठवून फोटो लॅबला विचारा.

आपल्याकडचा उन्हाळा

डेव्हलपर साधारण २० अंशांवर वापरतात आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. म्हणून बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून थर्मामीटरने तपासा. हवा आणि उष्णता, दोन्हींमुळे डेव्हलपर लवकर मरतो. बाटली काठोकाठ भरा, सावलीत ठेवा, तारीख लिहा.

आणि एक नियम कधीच मोडू नका: फिल्मचं भांडं, चमचा, मापाचा ग्लास पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर केमिकल अजिबात भरू नका, घरातलं पोर ते सरबत समजून पिऊ शकतं. पावडर कालवताना खिडकी उघडी ठेवा आणि तोंडाला मास्क लावा.

सरस्वतीबाईंना हे पर्याय मिळाले नाहीत. आपल्याला मिळालेत, तर पहिल्या रीळाआधी शंभर-दोनशे रुपयांचे हातमोजे नक्की घ्या.