लेडी मेहेरबाई टाटा

सेक्रेटरीबाईंनी थोर स्त्रीचे चरित्र लिहावयास सांगितले. जिजामाता, अहिल्याबाई इतर भगिनींनी आधीच घेतल्या होत्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतच. पण मेहेरबाईंचे माझ्यावर ऋण आहे, म्हणून धीर करून लिहिते.

मेहेरबाई १८७९ साली भाभांच्या घराण्यात जन्मल्या. १८९८ साली जमशेटजी टाटांचे चिरंजीव दोराबजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. साडी नेसून त्या टेनिस खेळत व बक्षिसे मिळवीत. बालविवाह बंदीच्या १९२९ च्या कायद्यासाठीही त्या झटल्या. त्यांच्याजवळ २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा होता, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९२४ साली पोलाद कारखान्यात पगाराला पैसे उरले नाहीत, तेव्हा तो हिराही गहाण पडला. आपण साधी पाटली सोनाराकडे द्यायची तर दहादा विचार करतो!

१९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने त्या दूर वेल्समध्ये वारल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या समाधीकडे निघालेले दोराबजी वाटेत जर्मनीत निवर्तले. त्यांच्या संपत्तीचा विश्वस्त निधी झाला, हिरा विकला गेला, आणि त्या निधीतून १९४१ साली परळचे टाटा रुग्णालय उभे राहिले. डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंचे सख्खे भाचे. त्यांच्या अणुशक्ती खात्याने १९६३ साली किरणांच्या औषधांचे केंद्र काढले. तेही परळलाच आहे.

माझ्या गळ्याला गाठ आली ती मी भीतीने वर्षभर पदराखाली झाकली. शेवटी कल्याणच्या जाऊबाईंनी हात धरून धीम्या लोकलने परळला नेले. सोनोग्राफीत गाठ दिसली, सुईच्या तपासणीत कर्करोग ठरला, शस्त्रक्रियेने थायरॉइडची ग्रंथी काढली. मग किरणे टाकणारे आयोडीन पोटात दिले व तीन दिवस वेगळ्या खोलीत ठेवले. या ग्रंथीच्या पेशी आयोडीन ओढून घेतात. त्यामुळे त्या जिथे दडल्या असतील तिथे ते जाऊन बसते. त्या आयोडीनमुळेच कॅमेऱ्यावर चित्र उमटते व त्या आयोडीनमुळेच पेशी मरतात. चोर दाखविणारा आणि पकडणारा एकच! सगळ्याच कर्करोगांना हे लागू नाही. स्तनांसाठी मॅमोग्राफी करतात. मेहेरबाईंचा रोग तर रक्त व मज्जा तपासूनच कळतो.

माझ्या चित्रात मानेशी दोन ठिपके होते. पुढच्या खेपेच्या चित्रात ते नव्हते. आता दिवाळीनंतर पुन्हा जायचे आहे. कोणा भगिनीच्या हाताला गळ्याशी गाठ लागत असेल तर तिने संकोच न करता माझ्याकडे यावे. दुपारी तीननंतर मी घरीच असते, आणि परळची वाट मला पाठ आहे.