गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

देवळातील उत्सवात गायनवादन व्हावे, ते मन लावून ऐकावे, परंतु आपल्या घरच्या मुलाने मात्र गवई होऊ नये, अशी समजूत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घरंदाज कुटुंबांतून सर्वत्र रूढ होती. ही समजूत पालटविण्यासाठी ज्या पुरुषाने आपले सर्व आयुष्य वेचले, ते गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर होत.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार. समोर बसलेला श्रोता जाणता असो वा नसो, त्याला गोडीने आपलेसे करून घेणे हे कीर्तनकाराचे व्रत. त्याचे संस्कार विष्णुपंतांवर घरातच झाले. बालपणी फटाक्याच्या स्फोटाने त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली व शालेय शिक्षणाची वाट खुंटली. पुढे मिरज येथे पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी राहून त्यांनी ग्वाल्हेर घराण्याच्या गायकीचे कठोर अध्ययन केले.

मिरजेतील एका सार्वजनिक समारंभास प्रतिष्ठितांना आमंत्रणे गेली, परंतु गुरुवर्यांना, ते गवई म्हणून, वगळण्यात आले, असे सांगितले जाते. हा सल त्यांच्या मनात खोल रुतला. ज्या विद्येने देव प्रसन्न होतो असे मानावयाचे, तिच्या उपासकाला मात्र समाजात स्थान नाही, ही विसंगती त्यांना सहन होईना. १८९६ साली राजाश्रयाची सुरक्षित सावली सोडून ते बाहेर पडले. बडोदे, ग्वाल्हेर अशी भ्रमंती करीत ते गावोगाव गायले. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. संस्थानिकांच्या दिवाणखान्यातील गाणे चार पैसे देऊन कोणाही गृहस्थाला ऐकता यावे, ही कल्पना त्या काळी धाडसाचीच होती.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. प्रांत परका, भाषा परकी, आणि सभ्य घरांना गायनाविषयी आस्थेपेक्षा संशयच अधिक. आरंभीचे काही दिवस विद्यालयात एकही विद्यार्थी फिरकला नाही. तरीही नेमलेल्या वेळी दार उघडे असे व पंडितजी तंबोरा घेऊन गात बसत. कोणी आले नाही म्हणून त्यांनी वेळ चुकविली नाही, की कोणाला दोष दिला नाही. हळूहळू विद्यार्थी येऊ लागले.

उदासीन समाजाला जवळ आणण्यासाठी त्यांनी अनेक साधने योजिली. शृंगारिक चिजांऐवजी घरात सर्वांसमक्ष गाता येतील अशी भक्तिपर पदे त्यांनी पुढे आणली. स्वरलेखनपद्धती सिद्ध केली, क्रमिक पुस्तके छापली, परीक्षा सुरू केल्या. गाणे ही शाळेत शिकण्याजोगी, शिस्तीची विद्या आहे, हे आईबापांना पटावे हा त्यामागील हेतू होता. विद्येच्या प्रसारासाठी उपदेशक तयार करण्याकरिता त्यांनी अनेक विद्यार्थ्यांच्या भोजन-निवासाचा भार स्वतःवर घेतला.

१९०८ साली विद्यालयाची शाखा मुंबईत निघाली. तिच्यासाठी सँडहर्स्ट रोडवर मोठी वास्तू उभी राहिली, परंतु ती कर्जाच्या ओझ्याखाली दबून अखेर लिलावात गेली. आयुष्याची कमाई अशी डोळ्यांदेखत गेल्यावर एखादा खचून गेला असता. पंडितजी नाशिक येथे रामनामाच्या आश्रयाला गेले आणि गात राहिले. त्यांची रामधून पुढे देशभर पोचली. त्यांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे हे साबरमती आश्रमात गात. १९३० च्या दांडीयात्रेतही ते होते. ज्यांना रागाचे नावही ठाऊक नव्हते, अशा असंख्य माणसांनी ती धून आपली मानली.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी शिष्यवर्गाने गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना करून कार्य पुढे नेले. पंडित ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे सारे त्यांचेच शिष्य. सुपुत्र दत्तात्रेय यांनीही अल्प आयुष्यात मोठी कीर्ती मिळविली.

पंडितजींची वास्तू गेली, पण त्यांनी पालटविलेली समजूत पुन्हा पूर्ववत झाली नाही. इंदूरच्या स्नेहलतागंजात एखाद्या मराठी घरातील मूल सायंकाळी पेटीवर षड्ज लावते आणि घरची वडील मंडळी कौतुकाने ऐकतात, तेव्हा त्या साध्या दृश्यामागे लाहोरच्या रिकाम्या खोलीतील ते गाणे असते. देवळाच्या उत्सवात अभंग गाणाऱ्या प्रत्येक कुटुंबावर त्या गाण्याचे ऋण आहे. सभामंडपात चारच माणसे असली तरी भजन पूर्ण म्हणावे, हाच ते फेडण्याचा मार्ग होय.