दाढीआडचा सम्राट

ग्रुप फोटोत तुम्ही मुद्दाम कुणाच्या तरी मागे उभे राहता? खालचा जबडा पुढे आलाय म्हणून कुणी चिडवतं? मग या मुलाला भेटाच.

नाव चार्ल्स. जन्म २४ फेब्रुवारी १५००, आजच्या बेल्जियममधल्या गेंट शहरातला. तो सहा वर्षांचा असताना वडील गेले. आई दूर स्पेनमध्ये. आत्या मार्गारेटनं त्याला वाढवलं. घराणं हॅब्सबर्ग, म्हणजे वारशात राज्यं मिळणार आणि सोबत लांब, पुढे आलेला खालचा जबडाही!

पंधरा-सोळा वर्षांच्या चार्ल्सची चित्रं आजही बघायला मिळतात. तोंड अर्धवट उघडं, हनुवटी पुढे. त्याचे वरखालचे दात नीट जुळत नसत, घास चावताना त्रास व्हायचा, बोलणंही अडखळायचं. परदेशी राजदूत हे सगळं आपल्या अहवालांत लिहून पाठवायचे. दिसण्यावरून बोलणं काही आजचं नाही बरं का!

पण चार्ल्स थांबला नाही. १५१६मध्ये स्पेनचा राजा झाला आणि १५१९मध्ये, १९व्या वर्षी, सम्राट म्हणून निवडला गेला. पुढे त्यानं दाढी राखली. १५४८मध्ये तिशियननं काढलेल्या चित्रात तो घोड्यावर बसलाय, हातात भाला आहे. आधी नजर जाते ती त्या रुबाबाकडे, जबडा नंतर दिसतो.

त्याच्याकडे दाढीशिवाय दुसरा इलाज नव्हता. खालच्या जबड्याचं हाड कापून बसवण्याची पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया अमेरिकेत सायमन हलिहेन यांनी केली, तीही १८४९मध्ये.

तुमच्याकडे इलाज आहे. पण त्यासाठी थोडं थांबावं लागतं आणि तेच जड जातं, नाही का? कारण साधं आहे. चेहऱ्याच्या हाडांमध्ये खालचा जबडा सगळ्यात उशिरापर्यंत वाढतो. मुलींमध्ये साधारण सोळा-सतरापर्यंत, मुलांमध्ये अठरा किंवा त्याही पुढे. पंधराव्या वर्षी घाईनं ऑपरेशन केलं आणि जबडा वाढतच राहिला, तर दात पुन्हा जुळेनासे होतात आणि दुसऱ्यांदा टेबलावर झोपावं लागू शकतं. म्हणून डॉक्टर काही महिन्यांच्या अंतरानं एक्स-रे काढतात, ते ताडून बघतात आणि वाढ थांबल्याची खात्री करतात. श्वास किंवा खाणंपिणंच अडत असेल, तर मात्र ते लवकर करायचा निर्णय घेऊ शकतात.

थांबायचं म्हणजे गप्प बसायचं, असं नाही. दातांच्या डॉक्टरांना आत्ताच दाखवा. तारा कधी लावायच्या, हे तेच ठरवतील.

चार्ल्स १५५८मध्ये गेला, जबडा तसाच घेऊन. तुम्हाला फक्त काही वर्षं काढायची आहेत. तोवर फोटोत पुढे उभे राहा.