धुराचा हिशेब ठेवणारे कुमारप्पा

जोसेफ चेल्लादुरै कुमारप्पा यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरचा. लंडनमध्ये ते हिशेबतपासनीस झाले आणि मुंबईत त्यांनी व्यवसाय थाटला. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकताना भारताच्या गरिबीची कारणे त्यांनी आकड्यांतून शोधली. १९२९ मध्ये गांधीजींची भेट झाली आणि सुटाबुटातले कुमारप्पा खादीत आले.

१९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. त्याची धुरा कुमारप्पांकडे आली. वर्ध्यातील मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन यांचे प्रयोग सुरू झाले. याच मगनवाडीतून धुराड्याची मगन चूल पुढे आली. चळवळीत त्यांना अनेकदा तुरुंगवास घडला. ३० जानेवारी १९६० रोजी त्यांचे निधन झाले.

कुमारप्पांच्या विचाराने पाहिले तर चुलीचा धूर हा दुहेरी तोटा आहे. धूर म्हणजे अर्धवट जळालेले सरपण. मेहनतीने आणलेले जळण वाया जाते आणि ते आईच्या फुप्फुसात उतरते. मगन चुलीत जाळ मातीत बंदिस्त असतो. गरम वायू पहिल्या भांड्याखालून दुसऱ्याखाली आणि तिथून धुराड्यात जातो. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व मागची हवा ओढून घेते. या ओढीला पंखा लागत नाही.

धावड्यासारख्या गावांत आजही पऱ्हाटी, तुराट्या आणि गोवऱ्या जळतात. कधी विडीला हात न लावलेल्या बायका धाप लागते म्हणून दवाखान्यात येतात. आमचा पुढचा प्रश्न असतो, स्वयंपाक कशावर करता? हाच धूर लहान मुलांमध्ये न्यूमोनियाचा धोका वाढवतो.

शक्य तिथे गॅसच वापरावा. चूल ठेवायचीच असेल, तर धुराडे बसवावे. जुन्या माळवदाच्या घरात धुराड्याची नळी लाकडी कड्यांपासून दूर ठेवावी आणि भोवती विटा-मातीचा जाड थर द्यावा. तोंड छपराच्या वर किमान दोन फूट काढावे, पावसासाठी त्यावर टोपी बसवावी. ॲस्बेस्टॉसची जुनी नळी वापरू नये. खिडकी उघडी राहू द्यावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सफाई. १९८३ पासून सरकारने देशभर सुधारित चुली वाटल्या. त्यांतल्या कितीतरी चुली काजळीने नळी तुंबल्यावर पडून राहिल्या किंवा मोडल्या. चुलीच्या तोंडातून धूर उलटा येऊ लागला, की नळी तुंबली असे समजावे. महिन्यातून एकदा, चूल पूर्ण गार झाल्यावर, काजळी काढावी. नाका-तोंडावर ओले फडके बांधावे. आणि हे काम घरातल्या पुरुषांनी करावे; वर्षानुवर्षे धूर बायकांनीच गिळला आहे.